डाव्या खांद्यावरचा गूळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. केजबाहेरच्या माळावर, बांबूच्या ताट्यांच्या सरकारी छावणीत, डॉक्टरसाहेबांनी माझ्या जांघेतली गाठ दोन बोटांनी दाबली आणि कारकुनाला म्हणाले, "लिखो, ताऊन." तेव्हा मला भीती वाटली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

ताऊन म्हणजे प्लेग. निजाम सरकारच्या कागदात ताऊन लिहितात, गावात गाठीचा ताप म्हणतात. आधी हुडहुडी भरते, मग डोकं फुटायला येतं, मग जांघेत नाहीतर काखेत सुपारीएवढी गाठ लागते. डॉक्टर तिला ब्यूबो म्हणतात. गाठ आलेला माणूस बहुतेक उठत नाही, हे मला ठाऊक होतं. मला ते रास्त वाटलं. आमचं गाव त्या तापात अडकलं ते माझ्यामुळे.

मी गुरव. केजपासून दीड कोसावर आमचं गाव, आणि गावच्या आईची, म्हणजे देवीची, पूजा आमच्या घराण्याकडे. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, ते मूलही गेलं. भाऊ आष्टीला असतो. आता माझी पन्नाशी जवळ आली. हे लिहितो आहे ते ज्यांच्या घरात उद्या असा ताप शिरेल त्यांच्यासाठी. पण तापाचं कमी आणि माझं जास्त लिहून होईल, हे आधीच कबूल करतो.

हा ताप आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा सगळं गाव वेशीबाहेर पडून रानात खोपी घालून राहिलं होतं. कडब्याच्या खोपी, चुली बाहेर. तीन महिने. माणसं बाहेर गेली तरी आईला हलवता येत नाही, तिच्यापुढचा दिवा विझू द्यायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज. म्हणून गुरवानं रोज गावात जायचं. मी एकटाच जायचो.

रिकामं गाव कसं असतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. दारं उघडी, चुली गार. दळायची जाती पालथी पडलेली. एका ओसरीवर कुणाचं तरी मुंडासं तीन महिने तसंच होतं. मी पाणी शेंदायचो, आईला अंघोळ घालायचो, दिवा लावायचो आणि मोठ्यानं आरती म्हणायचो, म्हणजे कुणाचा तरी आवाज यावा.

ते एक वेळ सोसलं असतं. पण मी रोज तापाच्या गावात जाऊन येणारा, म्हणून मला कुणी आपल्या खोपीजवळ येऊ देईना. माझी खोप लांब, ओढ्यापलीकडे. बाया भाकरी दगडावर ठेवून मागं सरायच्या. माणसं लांबूनच ओरडून विचारायची, "गुरव, आई कशी हाय?" मी सांगायचो, बरी आहे. मी कसा आहे, हे त्या तीन महिन्यांत कुणी विचारलं नाही. त्यांची चूक नव्हती. मी त्यांच्या जागी असतो तर मीही लांबच उभा राहिलो असतो.

पाच सालांनी परत उंदीर पडले.

उंदीर पडले म्हणजे मेले. तापाची ती पहिली खूण. दिंद्रुडच्या बाजारातून धान्याच्या गोणी आल्या होत्या, त्या एका घरात उतरल्या, आठ दिवसांत त्या घराच्या माळवदावरून उंदीर झिंगत खाली पडायला लागला. लिंबाजी नावाचा कुणबी होता, माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही एकत्र गुरं राखलेली. तो कुणाची वाट न बघता बायको गयाबाईला घेऊन शेतात गेला आणि खोप घालून बसला. जाताना देवळापुढून हाक मारून गेला.

"गुरव, मी चाललो बे! तू बी तुझी खोप घाल ओढ्यापल्याड. औंदा भाकरी मीच आणून दीन. लांबूनच फेकीन, झेल तेवढी!"

त्यानं थट्टा केली. मला ती रात्रभर टोचली.

गावानं ठरवलं, आईला कौल लावायचा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायच्या आणि प्रश्न बोलायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाकळ्या लावायच्या गुरवानं, कारण गाभाऱ्यात दुसरं कुणी येत नाही. बाकी गाव उंबऱ्याबाहेर हात जोडून उभं.

सकाळची वेळ होती. पाटलांनी बाहेरून प्रश्न विचारला, "आई, गाव गावातच राहिलं तर सांभाळशील का?" माझ्या हाताशी नैवेद्याच्या पातळ गुळाची वाटी होती. मी मागं बघितलं, मग बाजूला बघितलं. मग बोट गुळात बुडवून डाव्या पाकळीच्या खाली फिरवलं आणि ती दाबून बसवली.

उजवी सुकली आणि पडली. डावी पडणारच नव्हती.

बाहेर लोकांनी आईच्या नावानं गजर केला. बाया रडल्या. गाव राहिलं. मला वाटलं होतं चार-दोन उंदीर आहेत, निभावून जाईल. खरं सांगायचं तर तेवढाही विचार मी केला नव्हता. त्या रिकाम्या गावात परत एकट्यानं जायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी देवळात आला. कौलाचं त्याच्या खोपीपर्यंत पोचलं होतं. नारळ ठेवला आणि गाभाऱ्यात वाकून बघत म्हणाला, "गुरव, आईच्या खांद्याला मुंग्या कावून लागल्या बे?"

"नैवेद्याचा गूळ सांडला असंल," मी म्हणालो.

"आईला बी गोड लई लागतंय मग." तो उंबऱ्यावरूनच हसला. "झाडून काढ हलक्या हातानं. चिरडू नको, आईच्या अंगावरल्या हायत." आणि त्याच दुपारी त्यानं खोपीतलं गाठोडं आणून घरात टाकलं.

तिसऱ्या दिवशी पहिलं माणूस गेलं. गेलेल्यांची नावं मी इथं लिहीत नाही. पूजेला बसलो की ती ओळीनं येतात, त्यांना लिहून ठेवायची गरज नाही.

नवव्या दिवशी मला हुडहुडी भरली. तहसिलीचे शिपाई बैलगाडी घेऊन आले, सरकारी हुकमानं गाव बाहेर काढलं आणि ज्यांना ताप होता त्यांना छावणीत नेलं. गाडीत आम्ही चौघे होतो. लिंबाजी माझ्या पायाशी पडला होता.

छावणी म्हणजे बांबूच्या ताट्यांच्या लांब खोल्या, वर पाचट. आत बाजांच्या दोन ओळी. नातेवाइकांना आत येऊ देत नसत. दोरी बांधलेली असायची, तिच्यापलीकडे ते बसून राहायचे. माझ्यासाठी दोरीपलीकडे कुणी नव्हतं. गयाबाई रोज यायची. दिवसभर उन्हात बसायची, कुणी बाहेर आलं की उठून उभी राहायची.

पहिले दोन दिवस मला आठवतात. डॉक्टरसाहेब हैदराबादेकडचे, मध्यम वयाचे, कमी बोलणारे. सकाळ-संध्याकाळ येऊन ते थर्मामीटर लावायचे. ती काचेची नळी असते, काखेत धरली की आतला पारा ताप किती ते दाखवतो. गाठीवर गरम पोटीस बांधायचे. पोटीस म्हणजे अळशी शिजवून फडक्यात घातलेली, सोसेल तेवढी गरम. एवढाच इलाज. बाकी पाणी पाजायचं आणि वाट बघायची.

तिसऱ्या दिवसापासून माझी शुद्ध गेली. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. म्हणजे तापात बरळणं. माणूस उठून पळतो, नसलेल्यांशी बोलतो. तुमच्या माणसाला असं झालं तर घाबरू नका, पण त्याला एकटं सोडू नका. मला करीमचाचा नावाच्या म्हाताऱ्या शिपायानं दोन दिवस धरून ठेवलं होतं. दाढी पांढरी, हात लोहारासारखे.

शुद्धीवर आलो तेव्हा पहिला विचार ताप गेला की नाही, हा नव्हता. मी काय बोललो, हा होता.

"चाचा, मी काय बरळलो?"

"गूळ, गूळ करत होतास रे बाबा. दो दिन एकच रट. गूळ पुसून काढा, गूळ पुसून काढा." मग त्यांनी कमरेच्या फडक्यातून सुपारीएवढा खडा काढून माझ्या हातात ठेवला. "ले. तोंडात धर. मन झालं असंल तर खावं."

शेजारच्या बाजेवरून लिंबाजी खोल आवाजात हसला. "गुरवाला मरताना बी नैवेद्य सुचतोय."

तो खडा मी खाल्ला नाही. फेकवलाही नाही. चाचा समोर होते म्हणून मुठीत धरून बसलो, तो घामानं विरघळून गेला.

लिंबाजीची गाठ काखेत होती आणि ती वर येत नव्हती. डॉक्टर म्हणत, गाठ पिकून फुटली तर माणूस वाचण्याची आशा असते. आत राहिली तर विष रक्तात जातं. माझी पिकत होती. त्याची नाही. सहाव्या दिवशी दुपारी तो अगदी शुद्धीवर होता. तापात मधेच माणूस असा स्वच्छ होतो, त्यानं फसू नये. त्यानं मान वळवली.

"गुरव, येक इचारू का? खरं सांग."

"इचार."

"मी खोपीत बसलो व्हतो. सुखानं बसलो व्हतो. मग आईनं मला माघारी कावून बोलावलं? माझं काय चुकलं व्हतं?"

तेव्हा सांगता आलं असतं. आमच्या दोघांत एका हाताचं अंतर होतं. खोलीतले बाकीचे झोपलेले किंवा बेशुद्ध होते, चाचा पाणी आणायला गेले होते. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "लिव्हलेलं असतंय, लिंबाजी. सटवीनं जे लिव्हलं ते चुकत न्हाई."

त्यानं मान परत वर पाचटाकडे वळवली. मग म्हणाला, "मग बरं हाय. मला वाटलं माझंच काय तरी चुकलं."

संध्याकाळी तो गेला.

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्याला मी समाधानानं जाऊ दिलं. खरं सांगितलं असतं तर तो तळमळत गेला असता. असेलही. पण मी ते त्याच्यासाठी म्हणालो नव्हतो. माझ्यासाठी म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी माझी गाठ चिरली. पू निघाला, वास सुटला, आणि ताप उतरायला लागला. ते पट्टी बांधत होते तेव्हा मी विचारलं, "साहेब, मरण लिहिलेलं असतं का?"

ते नमाजी माणूस होते. ताट्यांमागं चटई टाकून नमाज पढायचे, मी पाहिलं होतं. त्यांनी पट्टीची गाठ मारली. मग म्हणाले, "लिखा तो है. मगर मला वाचायला दिलेलं नाही. मला वाचता येतं ते इतकंच." आणि खिशातला थर्मामीटर दाखवला. मग लिंबाजीच्या रिकाम्या बाजेकडे हात केला. "तो माणूस बाहेर राहिला असता तर इथं आला नसता. हे पण खरं आहे. दोन्ही सच एक साथ कैसे, ते मला विचारू नको. उंदीर मेला की निघायचं असतं, मियाँ. तुम लोग किसकू पूछते बैठे?"

"देवीला," मी म्हणालो.

"मग देवीनं काय सांगितलं?"

मी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं मी थकलो. "आराम करो," म्हणाले आणि पुढच्या बाजेकडे गेले. त्या माणसानं माझा जीव वाचवला, आणि मी त्यांना एका प्रश्नाचं उत्तर देऊ शकलो नाही.

छावणीत मी दीड महिना होतो. जखम भरायला वेळ लागतो; ती घाईनं बंद होऊ देऊ नये, आतून भरत यावी लागते. अशक्तपणा फार येतो. उभं राहिलं की छाती धडधडते. आंबील, ताक, भाताची पेज, जे पोटात टिकेल ते द्यावं. आणि दोरीपलीकडे रोज कुणीतरी बसावं. रोग्याला ते दिसत नसलं तरी कळतं. मला हे दुसऱ्याकडे बघून कळलं.

मी गावात परतलो तो पाय ओढत. तोवर सरकारी माणसांनी ताप मरावा म्हणून घरांची माळवदं फोडून आत ऊन पाडलं होतं. मला वाटत होतं, कुणीतरी मला धरून विचारेल. त्यासाठी मी मनानं तयार होतो. झालं उलटंच. लोक माझ्या पाया पडले. गाठ येऊन वाचलेला मी एकटाच होतो. आईनं आपल्या गुरवाला हात देऊन वर काढलं, असं ठरलं.

आणि गावानं त्या सालाची गोष्टही ठरवली होती. गावावर जुनं काही पाप होतं, ते फेडून घ्यायचं म्हणून आईनं गावाला थांबवलं. जेवढे जायचे तेवढे नेले आणि बाकीच्यांना सोडलं. अजून जत्रेत म्हातारी माणसं पोरांना असंच सांगतात. दिंद्रुडच्या गोणी त्या गोष्टीत नाहीत. उंदराच्या अंगावरून माणसाला ताप आणतात असं डॉक्टरांनी छावणीत सांगितलं होतं, त्या पिसवा नाहीत. माझं बोट नाही. सगळी कारणं पुसून एकच ठेवलंय, आणि तेच खोटं आहे. मी शेजारी उभा राहून ऐकतो. कुणी माझ्याकडे बघितलं तर मान हलवतो.

मीही त्या गोष्टीत शिरायचा प्रयत्न केला. सगळं जर लिहिलेलं असेल तर माझं बोटही लिहिलेलंच होतं. आईनंच माझ्याकडून ते करवलं. असं मानून मी दोन सालं काढली. पण एक गोष्ट त्यात बसत नाही. गुळात बोट बुडवण्याआधी मी मागं आणि बाजूला बघितलं होतं. लिहून दिलेलं करणारा माणूस कुणी बघतंय का म्हणून बघत नाही.

आईवरची माझी श्रद्धा गेली नाही. गेली असती तर सोपं झालं असतं. मला अजून वाटतं की तिला त्या सकाळी काहीतरी सांगायचं होतं. मी तिला बोलू दिलं नाही.

त्यानंतर मी कौल लावला नाही. हात कापतो असं सांगतो. पाकळ्या आता आष्टीहून पुतण्या येऊन लावतो. मधे एकदा पुन्हा शेजारच्या गावात उंदीर पडले. पाटील देवळात आले. पुतण्याला बोलवायला वेळ नव्हता. मी म्हणालो, "कौल नको. आई सपनात आली व्हती. निघा म्हणली." सगळे त्याच दिवशी बाहेर पडले. मी तीन महिने रिकाम्या गावात दिवा लावला. भाकरी दगडावरच आली. त्या साली आमच्या गावातलं एकही माणूस गेलं नाही. आई स्वप्नात आली नव्हती. खरं सांगायची ती आणखी एक वेळ होती, आणि तीही मी खोटं बोलून घालवली.

तर माझं सांगणं एवढंच, की उंदीर पडला की त्याच दिवशी घर सोडा. मेलेल्या उंदराला हात लावू नका. प्लेगच्या लशीची टोचणी मिळत असेल तर घ्या, दोन दिवस अंग दुखतं, पुढं काही होत नाही. देवाला विचारायचं असेल तर खोपीत पोचल्यावर विचारा. आणि जो माणूस तुमच्यासाठी मागं गावात राहतो, त्याच्याशी रोज चार शब्द बोला. लांबून बोललात तरी चालेल.

आता शेवटचं. गयाबाई अजून आहे. शेत बटाईनं लावलंय, एकटीच राहते. दर मंगळवारी देवळात येते. गेल्या महिन्यात आईला कुंकू लावून झाल्यावर ती पायरीवर बसली आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"गुरवभाऊ, येक सांगते. त्यांना माघारी यायचं नव्हतं. म्हणले, कौल गावाला लागलाय, मला न्हाई. म्याच म्हणलं, आईचा शबुद मोडायचा न्हाई. देवळात जाऊन नारळ ठिवून या, म्हणलं. त्यांना म्याच धाडलं. गाठोडं म्याच बांधलं. म्या गप बसले असते तर ते असते की वो."

इतक्या सालांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, गुरवाला सांगावं. मी म्हणालो, "वैनी, असं मनाला लावून घेऊ नका." ती पदरानं तोंड पुसून निघून गेली. मी तिला वेशीपर्यंत जाताना बघत राहिलो आणि हाक मारली नाही.

लिंबाजीनं खरं विचारलं होतं, ते देणं आता फिटत नाही. गावालाही मी सांगायला हवं, ते हा कागद कुणी वाचून दाखवला तर होईल. पण गयाबाईला कागदावरून कळून चालणार नाही. तिनं ते गाठोडं माझ्या शब्दावर बांधलं, आईच्या नाही, हे तिच्या समोर बसून, माझ्या तोंडानं सांगणं माझ्याकडे बाकी आहे. आज शनिवार, मंगळवारी ती येईल. अजून सांगितलेलं नाही.